क्यूआर कोड खरा, प्रवेश मात्र नाही

रात्रीचा एक वाजलेला असतो. तासभर रांगेत उभं राहून माणूस दारापाशी पोचतो, फोन पुढे धरतो आणि स्कॅनरवर लाल पट्टी उमटते: ‘तिकीट आधीच वापरलेलं आहे’. मागे रांग कुरकुरत असते, आतून बेसचा धडधडाट ऐकू येत असतो, मुख्य डीजे चढायला अर्धा तास उरलेला. दारावरचा माणूस बाजूला व्हायला सांगतो. फसलेल्या माणसाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “अहो, पण कोड खरा आहे!” आणि तो खराच असतो. मोठ्या डान्स क्लबच्या तिकिटांतला गंडा यावरच चालतो.

क्यूआर कोड म्हणजे तिकीट नव्हे. ते एका क्रमांकाचं चित्र. खरं तिकीट ही क्लबच्या यादीतली एक नोंद असते आणि पहिल्या स्कॅनला ती नोंद संपते. विकणारा एकच अस्सल तिकीट घेतो आणि त्याची पीडीएफ दहा जणांना पाठवतो. दहाही जणांकडे अस्सल कोड, त्यातला जो आधी पोचेल तो आत, उरलेले नऊ फुटपाथवर. म्हणून लोगो बरोबर आहे का, स्पेलिंग चुकलंय का, असली तपासणी इथे कुचकामी ठरते. विकणाऱ्याला व्हिडिओ कॉल करून तिकीट दाखवायला सांगणं हाही भाबडेपणाच, कारण तिकीट त्याच्याकडे असतंच. वर सगळ्यांना फसल्याचं कळतं ते एकाच रात्री, एकाच दारावर. तोवर त्याचं खातं बंद झालेलं असतं.

दुसरा प्रकार याहून सफाईदार. विकणारा तिकीट तुम्हाला रीतसर देतो, पैसे घेतो आणि मग आपल्या बँकेकडे तक्रार करतो की तिकीट कंपनीची ही वसुली मी मंजूर केलेलीच नाही. बँक पैसे परत खेचते, कंपनी तिकीट रद्द करते. चोरलेल्या कार्डावर घेतलेल्या तिकिटांचंही असंच होतं. तुमच्या हातात काल जिवंत असलेला कोड आज मेलेला असतो.

तिसऱ्या प्रकारात काहीच खोटं नसतं, फक्त एक ओळ लपवलेली असते. मोठे क्लब लवकर येणाऱ्यांसाठी स्वस्त तिकीट काढतात. अमुक वाजेपर्यंत आत शिरलात तरच ते चालतं, एक मिनिट उशीर झाला तरी दारावर फरक भरा किंवा परत जा. असलं तिकीट पूर्ण रात्रीचं म्हणून, पूर्ण भावात विकलं जातं. स्क्रीनशॉट असा कापलेला असतो की वेळेची ओळ दिसत नाही. तारखेचाही घोळ घालतात. क्लबची रात्र मध्यरात्रीनंतर रंगते, पण तिकिटावर तारीख असते ती रात्र सुरू होते त्या दिवसाची. म्हणजे रविवारी पहाटे दोनला नाचायचं असेल तर तिकीट शनिवारचं लागतं. रविवारच्या तारखेचं घेतलंत तर ते दुसऱ्याच कार्यक्रमाचं निघतं.

दुसऱ्याकडून तिकीट घ्यायचंच असेल, तर ज्या व्यवहारात जुना कोड मरतो आणि तुमच्या नावावर नवा जन्मतो, तेवढाच व्यवहार करा. टिकेटस्वॅप या पुनर्विक्रीच्या संकेतस्थळावर अनेक कार्यक्रमांसाठी अशी सोय असते, क्लबच्या रात्रींची तिकिटं विकणाऱ्या रेसिडेंट ॲडव्हायझरची स्वतःची पुनर्विक्री आहे, डाइस या तिकीट ॲपवर तिकीट ॲपमध्येच राहतं आणि परत आलेलं तिकीट प्रतीक्षा यादीतल्या माणसाला मिळतं. तिकीटमास्टरच्या फिरत्या बारकोडचं तिकीट दर काही सेकंदांनी बदलतं, त्याचा स्क्रीनशॉट स्कॅनर घेतच नाही. अशा तिकिटाबद्दल कोणी ‘माझं ॲप बिघडलंय, स्क्रीनशॉट पाठवतो’ म्हणाला, की तिथेच उठायचं.

पैसे कार्डाने दिले तर बँकेकडे दाद मागता येते. थेट खात्यात टाकलेले किंवा पेपॅलवर मित्र आणि कुटुंब या पर्यायाने पाठवलेले पैसे परत येण्याची आशा फार कमी असते, आणि भामटा नेमका त्याच मार्गाचा हट्ट धरतो. ‘फी वाचते’ हे त्याचं कारण. तुमचं तिकीट अस्सल असेल, तर त्याचा फोटो आनंदाच्या भरात कुठे टाकू नका. अर्धवट दिसणाऱ्या बारकोडवरूनही क्रमांक जुळवता येतो, आणि मग दारावर ‘आधीच वापरलेलं’ हे तुम्हालाच ऐकावं लागतं.

गेस्ट लिस्टचं थोडक्यात. प्रमोटर, म्हणजे क्लबसाठी गर्दी जमवणारा माणूस, दारावरच्या पाहुण्यांच्या यादीत नाव घालतो तेव्हा त्याला क्लबकडून माणशी काहीतरी मिळतं, म्हणून नाव घालायचे आगाऊ पैसे मागणारा बहुधा प्रमोटर नसतोच. खऱ्या यादीलाही अटी असतात: किती वाजेपर्यंत, सोबत किती जण. काही दारांवर तर यादी असूनही शेवटचा शब्द दारावरच्या माणसाचा. बर्लिनच्या बर्गहाइनसारख्या ठिकाणी, जिथे दारावरच्या निवडीची ख्याती जगभर आहे, ‘प्रवेशाची हमी’ विकणारा माणूस जे आपल्या हातात नाही ते विकतोय.

रांगेच्या बाजूने प्रवेशाच्या मनगटपट्ट्या विकणारे फिरतात. कागदासारख्या दिसणाऱ्या पट्टीच्या चिकट टोकाला बारीक चिरा असतात, ती सोलायला गेलं की फाटते. फाटल्यावर पुन्हा चिकटवलेली पट्टी टॉर्चच्या उजेडात लगेच दिसते आणि दारावर टॉर्च असतोच. रंग रोज बदलतात, त्यामुळे अखंड पट्टी मिळालीच तर ती बहुतेक कालची. आणि रांगेतून परत पाठवलेल्या माणसाभोवती घुटमळणारे वेगळेच असतात. ‘हा क्लब भरलाय, माझ्याबरोबर चला, जवळच आहे’ म्हणत ते जिथे नेतात तिथे मेन्यूवर दर नसतात. दोन ग्लासांचं बिल आल्यावर दारात दोन धिप्पाड माणसं उभी असतात. दर लिहिलेला मेन्यू हातात येईपर्यंत काहीही मागवायचं नाही, खुर्चीवर बसायचंही नाही.

आता टेबल. सगळ्यात मोठ्या रकमा इथे जातात, आणि बऱ्याचदा कायद्याने बोट ठेवता येणार नाही अशा वाटेने.

क्लबमध्ये आधीच राखून ठेवलेल्या टेबलासाठी किमान खर्चाची अट असते. तेवढ्या रकमेचं पिणं मागवलंच पाहिजे. संदेशात त्या आकड्यापुढे दोन अधिक चिन्हं दिसली तर कर आणि सेवा शुल्क वेगळं, असा त्याचा अर्थ. कराचे आणि सेवेचे पैसे किमान खर्चात धरले जात नाहीत, म्हणून ‘एवढ्यात बसतं’ असं समजून गेलेला गट पहाटे पाव-तिजाई जास्त भरून बाहेर पडतो. आगाऊ रक्कम शेवटच्या बिलातून वजा होणार की ती वेगळी फी आहे, हेही विचारलं नाही तर कोणी आपणहून सांगत नाही. आणि आगाऊ रक्कम क्लबच्या खात्यावर न जाता टेबल ठरवून देणाऱ्या, ‘होस्ट’ म्हणवणाऱ्याच्या खासगी खात्यावर जात असेल, तर टेबल नसण्याचीच शक्यता जास्त. क्लबच्या संकेतस्थळावरचा फोन स्वतः लावून बुकिंगचा क्रमांक सांगा आणि तिकडून होकार घ्या. होस्टने दिलेल्या नंबरवर नव्हे, तो उचलणाराही त्याचाच माणूस असतो.

फोटोत टेबल डीजेच्या शेजारी असतं, प्रत्यक्षात खांबामागे, शौचालयाच्या वाटेवर. म्हणून लेखी घ्यायच्या गोष्टी या: टेबलाचा क्रमांक किंवा नकाशावरची जागा, कर आणि सेवा धरून एकूण आकडा, किती माणसं, किती वाजेपर्यंत टेबल राखणार, आणि सोडा, ज्यूस, एनर्जी ड्रिंक बाटलीच्या दरात आहे की नाही. शेवटच्या मुद्द्यावर बरेच जण फसतात. बाटली ठरलेल्या दरात येते आणि प्रत्येक कॅन बिलात वेगळा चढतो.

बाटलीचा हिशेब डोक्यात ठेवा. ७५० मिलीच्या बाटलीत ६० मिलीचे साडेबारा पेग, ७०० मिलीच्या बाटलीत साडेअकरा-पावणेबारा. सहा जणांना प्रत्येकी दोन पेग झाले की बाटली संपायला हवी, त्याआधी नाही. टेबलावर ओतणारी व्यक्ती हात सैल सोडून ग्लास भरते, प्रत्येक ग्लासात शंभर मिली जातात आणि सातव्या-आठव्या ग्लासालाच ‘दुसरी आणू का?’ येतं. ओतायचं काम आपल्याकडे घेतलं तर कोणी अडवत नाही. बाटली सीलबंद आणून तुमच्यासमोर उघडली पाहिजे. फुलबाज्या लावून, टाळ्या वाजवत येणाऱ्या बाटलीच्या झगमगाटात सीलकडे कोणाचं लक्ष जात नाही. न मागवलेली बाटली अशीच वाजतगाजत येते, सगळे जल्लोष करतात आणि तो जल्लोष होकार धरला जातो. रिकाम्या बाटल्या लगबगीने उचलल्या जातात, म्हणून प्रत्येक बाटलीचं झाकण खिशात टाका. पहाटे बिलात पाच बाटल्या असतील आणि तुमच्याकडे तीन झाकणं, तर वाद तोंडी राहत नाही.

बारवर रकमा लहान, पण संख्या मोठी. सिंगल की डबल हे न विचारता डबल ओतणं नेहमीचं, म्हणून मागतानाच आकडा सांगावा. कार्ड बारटेंडरकडे ठेवून बिलाचं खातं उघडं ठेवलं, की रात्रभराच्या गोंगाटात त्यावर दुसऱ्याचे पेगही चढतात. दर वेळी वेगळे पैसे भरणं कंटाळवाणं, पण चूक लगेच दिसते. मशीन तुमच्याकडे वळवून आकडा वाचल्याशिवाय कार्ड टेकवू नका. ‘झालं नाही, परत टेकवा’ म्हटलं तर आधी नाकारल्याची चिठ्ठी मागा किंवा बँकेचा संदेश पाहा. दोन्ही वेळा पैसे गेल्याचं बहुतेकांना दुसऱ्या दिवशी दुपारी कळतं. परदेशातल्या क्लबमध्ये मशीन विचारतं, पैसे तुमच्या चलनात घेऊ की इथल्या? नेहमी तिथलंच चलन निवडा. आपल्या चलनात ‘सोयीसाठी’ दाखवलेल्या आकड्यात विनिमयाचा दर मशीनवाल्यांचा असतो, तुमच्या बँकेचा नव्हे. हा पर्याय निवडायचा हक्क ग्राहकाचा आहे, पण घाईत बारटेंडरच बटण दाबून मोकळा होतो.

क्लोकरूमचं टोकन आणि फोन एकाच खिशात ठेवू नका, इतकंच.

फोनची चोरी नाचाच्या मधोमध होते, आणि ठरलेल्या क्षणी: ड्रॉप येतो, म्हणजे गाण्यातला बेस एकदम कोसळतो, सगळे हात वर, सगळ्यांची नजर दिव्यांवर. एक जण पुढून धडकतो, माफी मागतो, खांद्याला धरून दोन उड्याही मारतो. दुसरा मागून फोन काढतो आणि तिसऱ्याकडे देतो. खात्री पटून तुम्ही दुसऱ्याची कॉलर धराल तेव्हा त्याच्याकडे काहीच नसतं. धंदा घाऊक आहे. कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवात २०१७ साली एकाच माणसाच्या पाठपिशवीत शंभराहून अधिक फोन सापडले, तेही आपला फोन नकाशावर शोधत काही जण त्याच्या मागावर गेले म्हणून. मागचा खिसा, उघडी पिशवी, सैल जाकीट ही सोपी ठिकाणं. कपड्याच्या आत, कमरेला घट्ट बसणारा चेन असलेला पट्टा सगळ्यात बरा.

महाग पडतो तो फोन नव्हे, पासकोड. बारवर तुमच्या खांद्यावरून कोणी सहा आकडे पाहिले असतील, तर फोन हातात आल्यावर चोर आधी ॲपल किंवा गुगल खात्याचा पासवर्ड बदलतो आणि मग बँकेकडे वळतो. या चोऱ्या गाजल्यानंतर ॲपलने जानेवारी २०२४ मध्ये आयओएस १७.३ बरोबर ‘स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन’ आणलं. ते चालू असेल तर अनोळखी जागी खात्याचा पासवर्ड बदलायला चेहरा किंवा बोट लागतं, तासभर थांबावं लागतं आणि मग पुन्हा चेहरा. अँड्रॉइडचं चोरी ओळखणारं लॉक फोन हिसकावून पळाल्याचा धक्का ओळखतं, नाचात हळूच सरकवलेल्या फोनला त्याचा फारसा उपयोग नाही. आयफोनवर आणि सोय असेल त्या अँड्रॉइडवर, लॉक असलेल्या पडद्यावरून विमान मोड लावता येणार नाही अशी सेटिंग घरीच करा, नाहीतर चोर पहिलं काम तेच करतो. *#०६# दाबून येणारा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, कागदावर लिहून घरी ठेवा, तक्रारीत आणि सिम कंपनीकडे तो विचारतात.

फोन गेल्याचं कळताच मित्राच्या फोनवरून तो हरवल्याचं नोंदवा, सिम बंद करा, बँकेला कळवा, या क्रमाने. यानंतर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी एक संदेश येतो: तुमचा फोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी इथे लॉगिन करा. दुवा हुबेहूब ॲपलच्या किंवा गुगलच्या पानासारखा असतो. कधी विनवणीही येते, ‘मी हा फोन विकत घेतलाय, खात्यातून काढून टाका, नाहीतर तुमची माहिती उघड होईल’. लॉक असलेला फोन सुट्या भागांच्या भावात जातो, उघडलेला पूर्ण भावात, आणि तो उघडायची किल्ली फक्त तुमच्याकडे असते. खात्याच्या यादीतून तो फोन काढायचा नाही, वर्षभराने विचारलं तरी नाही.