झाडीपट्टीचे पडदे आणि डिजिटल सीनरीचा कोर्स : एक मोसम वापरल्यानंतर

आमच्या घरी नाटकाचे पडदे रंगवायचे काम बाबांपासून आहे. झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, वडसा भागातल्या नाटक कंपन्यांना जंगल, महाल, रस्ता, पाटलाचा वाडा असे पडदे आम्ही द्यायचो. दोन-तीन मोसमांपासून पडद्याच्या जागी एलईडी स्क्रीनची भिंत येऊ लागली आणि विचारणा बदलली. "भाऊ, एलईडीवर चालंल असं काही करून देता का जी?" दोन ऑर्डरी हातच्या गेल्या, तेव्हा मी नागपुरातल्या एका संस्थेत डिजिटल सीनरी आणि थ्रीडीचा सहा महिन्यांचा कोर्स लावला. एप्रिल ते सप्टेंबर, दर शनिवार-रविवार. फी ३८,००० रुपये. ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करत एसटीने जायचे आणि रविवारी रात्री परतायचे. दिवाळी ते होळी हा आमचा मोसम. तो अख्खा काढला आणि आता लिहितो आहे.

या कोर्सने मला सगळ्यात मोठे दिले ते उजेडाचे भान. पडद्यावर सावली एकदाच रंगवतो, ती कायमची. ब्लेंडर या थ्रीडीच्या सॉफ्टवेअरमध्ये दिवा उचलून दुसरीकडे ठेवला की झाडाची, कौलाची, विहिरीच्या काठाची सावली आपोआप फिरते. पहिले दोन महिने सरांनी आम्हाला रंगाला हात लावू दिला नाही. करड्या गोळ्यावर, करड्या पायरीवर नुसता दिवा फिरवायचा. तेव्हा जीव उबगला होता. आज नवे काम आले की मी आधी लाइटवाल्याला विचारतो, तुझे हॅलोजन कोणत्या बाजूने आहेत? पडद्यावरचा चंद्र डावीकडे आणि नटाच्या तोंडावर उजेड उजवीकडून, हे आता माझ्याकडून होत नाही.

ब्लेंडर फुकट मिळते, हेही मोठे. कोर्स संपला तरी हातातले हत्यार गेले नाही.

आता जिथे पैसे अर्धवट वसूल झाले ते सांगतो. सगळे शिकवणे फोरकेमध्ये, म्हणजे ३८४० बाय २१६० ठिपक्यांच्या चित्रात झाले. नोव्हेंबरात पहिले काम आले, पावसाळी रात्रीचे जंगल, २० सेकंदांचे, गोल फिरत राहणारे. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे ५०० फ्रेम. एकेका फ्रेमला दोन मिनिटे. माझा लॅपटॉप सतरा तास तापत राहिला. मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, गावात जाऊन पाहतो तर एलईडीची भिंत अर्ध्या मीटरच्या पॅनेलची, आडवे दहा, उभे सहा. त्या जातीच्या एका पॅनेलमध्ये १२८ बाय १२८ ठिपके असतात. म्हणजे पूर्ण भिंत १२८० बाय ७६८. मी त्याच्या आठपट ठिपके काढत बसलो होतो! तेच दृश्य भिंतीच्या मापात काढले तर अडीच तासांत झाले. 'आधी भिंतीचे माप विचारा' हे एक वाक्य सहा महिन्यांत कुणी बोलले नाही, याचे मला अजून वाईट वाटते. एक गोष्ट मात्र सरांनी बजावून सांगितली होती, सरळ व्हिडिओ काढू नका, एकेक फ्रेम वेगळी साठवा. आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नाही. लाइन गेली तरी झालेल्या फ्रेम राहतात आणि काम पुढून सुरू होते. या एका सवयीने माझा मोसम वाचला.

दुसरी अडचण तिथेच कळली. एलईडी पूर्ण उजेडावर ठेवली तर पुढचा नट काळा दिसतो. उजेड खाली आणावा लागतो, आणि खाली आणला की निळ्या आभाळात पट्टे उमटतात, पायऱ्यांसारखे. लॅबमधल्या स्क्रीनवर हे कधी दिसलेच नव्हते. दोन प्रयोग मी तसेच काढले. मग बाबांचे आभाळ आठवले. ते निळा कधी सपाट ओढत नाहीत. ओल्या चिंधीने थापत जातात, जवळून पाहिले तर नुसते डाग, दहा हातांवरून खरे आभाळ. मी चित्रात तसाच बारीक दाणा मिसळला, पट्टे मोडले. ही युक्ती कोर्समधून आली नाही, घरातून आली. पण दाणा ब्लेंडरमधल्या कुठल्या नोडने, म्हणजे जोडायच्या चौकटीने, आणि किती टाकायचा हे कोर्समुळेच जमले.

एआयने चित्र काढण्याचे चार वर्ग झाले. मला त्याचा उपयोग कमी. कवेलूचे, म्हणजे कौलारू, घर मागितले तर राजस्थानी हवेली आली, धानाची बांधी, म्हणजे भाताचे सपाट शेत, मागितली तर डोंगरातली पायऱ्यांची शेती आली. त्यापेक्षा बाबांचा उंदरांनी कुरतडलेला जंगलाचा जुना पडदा अंगणात पसरून, ढगाळ उजेडात नऊ तुकड्यांत फोटो काढले आणि जोडले. पळस, मोह, येन, सगळी झाडे आमच्याच रानातली. होळीपर्यंत तेच जंगल सर्वांत जास्त चालले.

शिकवणे मराठीत, नोट्स इंग्रजीत. माझ्यासोबतचा गोंदियाचा एक मूर्तिकार चांगला हात असूनही जूनमध्ये सोडून गेला, त्याचे मुख्य कारण हेच. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टी रंगभूमीचे नाव दूरवर गेले. या भागातल्या पडदेवाल्याला, लाइटवाल्याला त्याच्या भाषेत, त्याच्या मंडपात शिकवणारे मात्र मला अजून भेटले नाही. मोसमात दोन रात्री वर्ग मंडपात घ्या, असे मी संस्थेला लिहून दिले आहे.

पैशाचे बोलायचे तर मोसमात एलईडीची अकरा कामे झाली, फी निघाली. लॅपटॉपचे हप्ते चालू आहेत. वेगळे ग्राफिक्स कार्ड आणि १६ जीबी रॅम याखाली घेऊ नका, मी आधी भावाच्या साध्या लॅपटॉपवर महिना घालवला. हातात चित्र असेल तर कोर्स करा. फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. नोट्स मराठीत देता का? खऱ्या भिंतीवर चालवून दाखवता का? कोर्स संपल्यावर शंका विचारायला नंबर चालू राहतो का? माझ्या वेळी नंबर चालू राहिला. पट्ट्यांचा फोटो रात्री दीड वाजता टाकला होता, सकाळी सातला सरांचे उत्तर आले होते, तोवर बाबांच्या चिंधीने काम झाले होते.