‘ताई, हा मद्रासचा जॉन स्मार्ट आहे’ असे सांगून १,११,००० रुपये आणि मूळ चित्र दोन्ही लांबवले

मामांकडून वारशाने आलेले एक लहानसे व्यक्तिचित्र आमच्याकडे होते. तळहातावर मावेल एवढे, लंबगोल, मुलामा दिलेल्या चौकटीत फुगीर काचेखाली बसवलेले. लाल कोट घातलेला, केसांना पावडर लावलेला कंपनी सरकारचा कोणी तरुण अधिकारी. चित्रकाराची सही कुठेही नव्हती. ते कोणी काढले एवढेच मला जाणून घ्यायचे होते, विकण्याचा विचार माझ्या मनात नव्हता. तो विचार नंतर माझ्या डोक्यात पद्धतशीरपणे घालण्यात आला.

आधी थोडी फी, मग चाचणी, मग परवाना आणि दर वेळी ‘आता एवढेच शेवटचे’, ही रीत सर्वांना ठाऊक आहे आणि मलाही होती. पण फोनवर बक्षिसाची लालूच दाखवणारा भुरटा आणि ज्याला तज्ज्ञ समजून मी चित्र दाखवले तो हा मनुष्य यांत फरक होता. त्याला विषय येत होता. अठराव्या शतकाच्या अखेरीस हस्तिदंताच्या पातळ पापुद्र्यावर जलरंगात अशी चित्रे काढणारे इंग्रज चित्रकार पैसा कमावण्यासाठी हिंदुस्थानात आले, ओझायस हम्फ्री कलकत्ता आणि लखनौला गेला, जॉन स्मार्ट १७८५ मध्ये मद्रासला आला आणि १७९५ पर्यंत राहिला, त्याने अर्काटच्या नवाबाचे चित्र काढले, आणि हिंदुस्थानातल्या चित्रांवर तो ‘जे. एस.’ ही आद्याक्षरे, खाली वर्ष आणि त्याखाली इंडियाचा ‘आय’ लिहीत असे, हे सगळे त्याने मला सांगितले. यातला शब्द न् शब्द खरा आहे. मी पुस्तकांतून पडताळूनही पाहिला. खोटे होते ते एवढेच की या माहितीचा माझ्या चित्राशी काही संबंध आहे.

प्राथमिक अभिप्रायाचे ४,५०० रुपये. रंगांच्या प्रयोगशाळा तपासणीचे २८,००० रुपये. सफाई आणि काच नव्याने बसवण्याचे १६,५०० रुपये. परदेशातला ग्राहक तयार आहे म्हणून ‘निर्यात परवान्याचे’ ६२,००० रुपये. शेवटची रक्कम भरेपर्यंत चित्र माझ्या हाती परत आले होते, म्हणून तर मी ती भरली. वस्तू आपल्या घरात असताना कोण काय फसवणार, असे कोणत्याही शहाण्या माणसाला वाटले असते.

परत आलेल्या चित्रात डाव्या कडेला ‘जे. एस.’, ‘१७९८’ आणि ‘आय’ अशी बारीक अक्षरे होती. मळाखाली दडली होती, सफाईत वर आली, असे तो म्हणाला. स्मार्टने मद्रास १७९५ मध्ये सोडले हे त्यानेच मला सांगितले होते. मग १७९८ च्या चित्रावर ‘आय’ कसा? पण ज्याला आपण तज्ज्ञ म्हणून पैसे मोजतो, त्याच्या वर्षांची वजाबाकी आपण करत बसत नाही.

मला अजून जाळते ती मात्र दुसरीच गोष्ट. चित्रातल्या अधिकाऱ्याच्या उजव्या खांद्यावर एक फिकट पांढरा पट्टा दिसत होता. तो मी पाहिला. बोटाने काच पुसली, तरी गेला नाही. सफाईचे द्रव्य राहिले असेल अशी मी समजूत करून घेतली, आणि त्याला विचारले तेव्हा त्यानेही तेच सांगितले. तो पट्टा म्हणजे आमच्या दिवाणखान्यातल्या ट्यूबलाइटचे काचेवर पडलेले प्रतिबिंब होते. अगदी सुरुवातीला त्याने माझ्याकडून समोरून, सरळ, मोठ्या आकाराचा फोटो मागवला होता आणि ‘काच काढू नका, ताई, चित्राला इजा होईल’ असे काळजीने बजावले होते. त्याच फोटोची प्रत पातळ प्लॅस्टिकवर छापून, वर थोडे रोगण आणि ब्रशचे चार फटकारे मारून त्याने माझ्याच चौकटीत बसवून दिली होती. चौकटीवरचा पोचा तोच, काच तीच. मग आतल्या चित्राचा संशय कोणाला आणि का यावा?

पुढे एका जाणकार जतनकर्तीने दहापट भिंग लावले आणि गालावर छपाईचे ठिपके दाखवले. हाताने काढलेल्या चित्रात चेहरा बारीक रेघांनी आणि बिंदूंनी भरलेला असतो, पण ते बिंदू छपाईसारखे एकसारखे कधीच नसतात. शिवाय खरे चित्र चौकटीबाहेर काढून उजेडापुढे धरले की हस्तिदंतातून प्रकाश झिरपतो. हे मद्द, मेलेले दिसत होते. प्रयोगशाळेचा तो अहवालही तिने वाचला. त्यात प्रशियन ब्लू हा निळा रंग सापडल्यामुळे चित्र अठराव्या शतकातले ठरते असे लिहिले आहे. प्रशियन ब्लू अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून आजपर्यंत दुकानात मिळतो. या एका वाक्याचे २८,००० रुपये!

आता आमच्या यंत्रणांविषयी. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, ‘वस्तू तुम्हीच दिलीत ना?’ दुसरा, ‘तिची किंमत काय?’ चित्र कोणाचे हे कळल्याशिवाय किंमत कळत नाही आणि तेच ओळखायला मी ते दिले होते, हे तीन वेगवेगळ्या टेबलांवर समजावून सांगूनही अर्जातला किमतीचा रकाना रिकामा आहे म्हणून अर्ज परत आला. मग कोणाच्या तरी लक्षात आले की मूळ चित्र हस्तिदंतावर होते, आणि साहेबांचा सूरच पालटला. हस्तिदंताच्या वस्तूंचा व्यापार वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे, तुम्ही ती विकायला काढली होती, तेव्हा आधी तुमच्यावरच कारवाई का करू नये, असे मला ऐकवण्यात आले. चोर मोकळा आणि फिर्यादी उलटतपासणीत! वन विभागाच्या कार्यालयाने पुरातत्त्वाकडे बोट दाखवले. पुरातत्त्वाच्या कार्यालयाने वस्तू समोर असल्याशिवाय काही करता येत नाही असे सांगितले. वस्तू समोर असती तर मी तिथे कशाला गेले असते? बँकेचे म्हणणे असे की ओटीपी तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या संमतीचा. ग्राहक आयोगासाठी पावती हवी, आणि पावतीवर ‘सल्ला शुल्क’ याखेरीज एक अक्षर नाही. प्रत्येक जण नियमाने बरोबर होता. सगळे मिळून त्या माणसाच्या बाजूने होते.

निर्यात परवान्याचे नाव काढणाऱ्याला तिथेच थांबवा. शंभर वर्षांहून जुने चित्र खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवताच येत नाही, १९७२ च्या पुरावशेष कायद्याने ते बंद आहे; मग परवाना कसला आणि फी कसली? आणि हस्तिदंतावरचे चित्र विकून देतो म्हणणारा तर तुम्हालाही गुन्ह्यात ओढतो आहे. पैसे गेल्याचे कळताच, लाज बाजूला ठेवून, त्याच घटकेला सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या क्रमांकावर तक्रार करा; मी घरच्यांपासून लपवण्यात वेळ घालवला आणि तेवढ्यात त्याचे खाते रिकामे झाले.

बिनसहीचे चित्र बिनसहीचेच असू शकते. रिचर्ड कॉसवेसारखा नामांकित चित्रकारही चित्राच्या दर्शनी बाजूवर क्वचितच सही करी, तेव्हा सफाईत अचानक उगवणारी सही ही आनंदाची बातमी नव्हे. स्मार्ट नेमाने सही करी, म्हणूनच त्याची आद्याक्षरे खोटी घालणे सोयीचे. प्रामाणिक जाणकार बहुधा ‘अमक्याच्या शैलीतील’ किंवा ‘अमक्याच्या वर्तुळातील’ एवढ्यावर थांबतो, आणि चित्रकार ओळखणारा तोच विकून देणाराही असेल तर त्याची ओळख कवडीमोलाची. चित्र हातचे सोडण्यापूर्वी मागची बाजू, कडा, मागचा कागद आणि त्यावरची जुनी चिकटपट्टी यांचे फोटो घ्या, वजन करा आणि ते सगळे पावतीवर लिहून घ्या. माझ्याकडे फक्त समोरचा फोटो आहे, त्या पांढऱ्या पट्ट्यासकट.

मूळ चित्र आता दुसऱ्या कोणत्या तरी चौकटीत फिरत असणार, कदाचित त्याच खोट्या आद्याक्षरांसह. लाल कोट, पिवळसर कॉलर, चेहरा किंचित डावीकडे वळलेला, डाव्या कानाखाली तीळ आणि खालच्या कडेला हस्तिदंताला गेलेली केसाएवढी उभी चीर. असे चित्र कोणी दाखवले तर घेऊ नका; दाखवणाऱ्याचा क्रमांक आणि त्याने पाठवलेले फोटो जपून ठेवा आणि मला कळवा.