सैतानाच्या नावाची कोळंबी

हॉटेलचं नाव देत नाही. पुढे तक्रार येणार आहे आणि मालकाशी माझं बरं चाललंय. खूण सांगते: कोलंबोच्या दक्षिणेला, माउंट लॅव्हिनियाच्या बाजूला रेल्वेचे रूळ वस्ती आणि समुद्राच्या मधून जातात. ते ओलांडून वाळूकडे उतरलं की निळ्या पत्र्याखाली सात टेबलं दिसतील. गाडी गेली की ग्लासातलं पाणी थरथरतं. यांची इथे दोन वर्षांची बदली आहे. मी माहेरची रत्नागिरीची, त्यामुळे कोळंबीच्या बाबतीत मला कुणी शिकवायची गरज नाही अशा समजुतीत मी तिथे गेले.

मेनूकार्डाचं एक अख्खं पान ‘डेव्हिल्ड’चं. कोळंबी, माकूल (स्क्विड), मासा, चिकन, पोर्क, बटाटासुद्धा. डेव्हिल्ड म्हटलं की मला आठवतात ती नणंदेकडे न्यू जर्सीला खाल्लेली अंडी. उकडून उभी कापलेली, पिवळा बलक मोहरीच्या पेस्टमध्ये आणि मेयोनीजमध्ये कालवून पुन्हा आत भरलेला, वर लाल पुडीची चिमूट. त्यात सैतान कुठे बसलाय ते मी शेवटच्या अंड्यापर्यंत शोधत होते. आणि एवढ्या गरीब अंड्यांनाही तिकडे काही चर्चच्या जेवणांत ‘स्टफ्ड एग्ज’ म्हणतात, सैतानाचं नाव पंगतीत नको म्हणून!

हे नाव मुळात इंग्रजांचं. 1786 पासून ते छापील इंग्रजीत सापडतं, आणि अर्थ सरळ आहे: मोहरी, मिरी, लाल मिरची घालून झणझणीत केलेलं काहीही. रात्री उरलेली भाजलेल्या मांसाची हाडं मसाला चोपडून पुन्हा विस्तवावर धरायची, ती ‘डेव्हिल्ड बोन्स’. पुढे व्हिक्टोरिया राणीच्या काळात बड्या घरांत नाश्त्याला डेव्हिल्ड गुरदे आले. अमेरिकेत बोस्टनच्या अंडरवुड कंपनीने 1868 च्या सुमारास मसाला घातलेलं हॅम डब्यात भरलं आणि डब्यावर लाल सैतानाचं चित्र छापलं. म्हणजे ज्याने जीभ भाजते तो नरकाचा माल, एवढाच हिशेब. मोहरीने नाकात झिणझिण्या आल्या की या लोकांना थेट नरक दिसायचा. आमच्या आजीच्या लोणच्याच्या बरणीत मग काय दिसलं असतं?

साहेब जिथे जिथे राहिला तिथे हा शब्द मागे राहिला, पण पदार्थ प्रत्येकाने आपापला केला. कोलकात्यात ‘डिमेर डेव्हिल’ म्हणजे उकडलेल्या अंड्याला खिम्याचं किंवा बटाट्याचं जाड कवच, ब्रेडचा चुरा लावून तळलेलं, सोबत कासुंदी, म्हणजे मोहरीची चटणी. इथे श्रीलंकेत ‘डेवल’ म्हणजे चक्क चायनीज कढईतलं परतणं. लोक बोलताना ‘चिकन डेवल’ असंच म्हणतात, आणि तो येतो ‘बाइट’ म्हणून. बाइट म्हणजे आपला चखणा.

पहिल्या दिवशी माझी फजिती झाली. साडी आणि टिकली बघून पोऱ्याने परस्पर ठरवलं की यांना सौम्य द्यायचं. आली ती टोमॅटो सॉसमध्ये पोहणारी, गोडमिट्ट, गुलाबी कोळंबी. लहान मुलाच्या वाढदिवसाला चालली असती. मी ताट परत पाठवलं नाही, पण उठून स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिले. आचाऱ्याने विचारलं, “अक्का, मिरिस?” (अक्का म्हणजे थोरली बहीण, इथेही!) मिरिस म्हणजे मिरची, आणि काळी मिरी ती गम्मिरिस. शब्द ओळखीचा वाटतो ना? मी म्हटलं, पुष्कळ.

मग त्याने जे केलं ते मी डोळ्यांनी पाहिलं, म्हणून लिहिते. सोललेली कोळंबी, शेपटी तशीच ठेवलेली, मीठमिरी लावून कॉर्नफ्लॉवरमध्ये जेमतेम घोळवली. कडकडीत तेलात सोडली आणि आकडा वळायच्या आत बाहेर काढली. दुसऱ्या कढईत चमचाभर तेल, ते धुरावल्यावर लसूण, भरड कुटलेली सुकी मिरची, आणि मागोमाग कांदा. कांदा चिरलेला नाही, चार फाका करून पाकळ्या हाताने सुट्या केलेल्या. त्याबरोबर पोपटी, लांब, बिनतिखट मालू मिरिसचे तुकडे. कढईच्या कडेने जाळ आत शिरला तेव्हा मी मागे सरले, तो हलला नाही. सोया सॉस, टोमॅटो सॉस अगदी थोडा, साखरेची चिमूट, आणि बाटली उलटी करून विनाकिरि. म्हणजे व्हिनेगर. पोर्तुगीजांचा ‘व्हिनाग्रे’च तो, गोव्यातही ऐकू येतो. टोमॅटोच्या फोडी आणि कोळंबी सगळ्यात शेवटी. दोन उसळ्या, ताटलीत. कांदा टाकल्यापासून दीड मिनिटसुद्धा झालं नसेल.

चव? आधी आंबट, मग कांद्याचा गोडवा, आणि मिरची सगळ्यात शेवटी, घशाशी. कांदा बाहेरून करपलेला, आतून करकरीत. रस्सा जवळजवळ नाहीच, सगळं कोळंबीला चिकटलेलं. मालवणी तिखल्याचं तिखट वेगळं, ते तोंडात मुरत जातं. हे चटका देऊन निघून जातं आणि हात आपोआप पुढच्या तुकड्याकडे वळतो. इंग्रजांनी ठेवलेलं नाव मला इथे पहिल्यांदा पटलं.

त्यानंतर आम्ही पाच-सहा वेळा गेलो. बटाट्याचा डेवल जरूर मागवा, शाकाहारी पाहुण्यांची सोय होते आणि खरं सांगायचं तर कधीकधी कोळंबीहून सरस होतो, कारण बटाटा ती आंबट मिरची पिऊन घेतो. माकूल मऊ, एकदाही रबर झालेलं नाही. चिकन ठीक. पोर्क यांना आवडतं, मी खात नाही.

आता तक्रार. दोनदा कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा काढलेला नव्हता. 2200 श्रीलंकन रुपये घेता, वर दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावता, तर एवढं काम व्हायलाच हवं. मालकाला दाखवलं तर तो हसला आणि लिंबाचा सोडा फुकट दिला. मला सोडा नको होता. आणि पार्सल कधीच नेऊ नका. घरी पोचेपर्यंत वाफेने कांदा मऊ पडतो, कॉर्नफ्लॉवर सुटतं आणि डब्यात पुन्हा तीच वाढदिवसाची कोळंबी.

जायचंच तर पौर्णिमेला जा. श्रीलंकेत पौर्णिमा म्हणजे पोया, त्या दिवशी दारूविक्री बंद. चखण्याची गिऱ्हाइकं येत नाहीत, सातातली पाच टेबलं रिकामी असतात आणि आचारी एका वेळी एकच ताटली करतो. शनिवारी रात्री तो एकाच कढईत चार ऑर्डरी कोंबतो, मग कांद्याला पाणी सुटतं. ह्यांना हा सल्ला मुळीच मान्य नाही, बिअरशिवाय डेवल म्हणजे काय म्हणतात. गेल्या पोयाला तरीही आले, सोडा पीत बसले आणि अर्ध्याहून जास्त कोळंबी त्यांनीच संपवली.