१ रुपयाची ट्रायल आणि गेलेले १४,६३८ रुपये

ऑनलाइन गेमच्या एका साइटवर मी फसले, त्याचा हिशोब आधीच देऊन टाकते, कारण ज्याला ज्याला हे सांगितलं त्याने पहिल्यांदा तेच विचारलं. १ रुपया, मग १,९९९ तीनदा, आणि शेवटी ८,६४०. एकूण १४,६३८ रुपये. यातला एक पैसाही मी बेटिंगवर लावलेला नव्हता. हे मुद्दाम लिहितेय, कारण ऑनलाइन गेम म्हटलं की समोरच्याचा चेहरा बदलतो आणि पुढचं तो ऐकून घेत नाही. ब्राउझरमध्ये चालणारा गाड्यांच्या शर्यतीचा साधा गेम होता. डाउनलोड नाही, अकाउंट नाही, टॅब उघडला की सुरू.

कॉलेजच्या वायफायवर गेमच्या नेहमीच्या साइट बंद असतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मग आपण काय करतो, गेमच्या नावापुढे 'अनब्लॉक्ड' टाकून शोधतो. शेकडो साइट निघतात. बहुतेकांनी गेम दुसरीकडून उचलून आपल्या पानात बसवलेला असतो आणि चारही बाजूंनी जाहिराती लावलेल्या असतात. मी उघडलेल्या साइटवर गेम अगदी नीट चालत होता, आणि तिथेच माणूस फसतो. गेम खरा आहे म्हणजे साइटही बरी असणार, असं आपण धरून चालतो. पत्त्याच्या पट्टीत 'एचटीटीपीएस' आहे, म्हणजे सुरक्षित आहे, हेही मी धरून चालले होते. त्याचा अर्थ एवढाच, की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये जे जातं-येतं ते वाटेत कुणाला वाचता येत नाही. पलीकडे चोर बसला असेल तर चोराशीच सुरक्षितपणे बोलणं चालू असतं.

सुरुवातीलाच एक चौकट आली होती. तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी 'अलाऊ' दाबा. मी दाबलं. ती रोबोटची तपासणी नव्हतीच, ती नोटिफिकेशन पाठवायची परवानगी होती. खरा कॅप्चा नोटिफिकेशनची परवानगी कधीही मागत नाही. या एका 'अलाऊ'ने पुढे मला ८,६४० रुपयांना बुडवलं, पण ते नंतर.

गेममध्ये दर दोन मिनिटांनी, नेमकी शर्यत रंगात आली की जाहिरात यायची. आणि तिच्या खाली पट्टी: जाहिरातींशिवाय ७ दिवस खेळा, फक्त १ रुपया. मी बटण दाबलं, माझं नेहमीचं यूपीआय ॲप उघडलं, पिन टाकला.

त्या स्क्रीनबद्दल मला सविस्तर लिहायचंय, कारण ती माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. वर मोठ्या ठळक अक्षरांत १ रुपया. त्याच्या खाली फिकट राखाडी रंगात तीन ओळी. पहिली, कमाल रक्कम १,९९९. दुसरी, वारंवारता 'ॲज प्रेझेंटेड'. तिसरी, वैधता, आणि तिथे कित्येक वर्षांनंतरची तारीख. पैसे घेणाऱ्याचं नाव गेमच्या साइटचं नव्हतं, कुठल्यातरी न ऐकलेल्या कंपनीचं होतं. आणि बटणावर 'पे' नव्हतं, 'ऑटोपे सुरू करा' होतं. सगळं समोर लिहिलेलं होतं! 'ॲज प्रेझेंटेड' म्हणजे महिन्याला नाही, आठवड्याला नाही, समोरचा जेव्हा मागेल तेव्हा. १ रुपया भरताना मी एका अनोळखी कंपनीला माझ्या खात्यातून हवं तेव्हा १,९९९ पर्यंत काढायची मुभा देत होते, तीही माझ्या हाताने पिन टाकून.

पण एक विचारते. तुमच्यापैकी किती जण ती स्क्रीन वाचतात? रिचार्ज, फी, वर्गणी, सगळीकडे तशीच स्क्रीन येते आणि आपण आकडा बघून पिन टाकतो. शाळेपासून आम्हाला जे बजावलं गेलं ते सगळं मी पाळलं होतं. कुणाला ओटीपी सांगितला नाही, अनोळखी लिंकवरून ॲप घेतलं नाही, पिन स्वतःच्या ॲपमध्येच टाकला. 'पैसे घेताना पिन लागत नाही' हे मला तोंडपाठ आहे. ऑटोपेच्या मँडेटबद्दल, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायला दिलेल्या परवानगीबद्दल, मात्र एका अक्षराने कुणी कधी सांगितलं नव्हतं. नियम असा आहे, की एकदा मँडेट दिलं की १५,००० पर्यंतच्या पुढच्या बहुतेक वसुल्यांना पुन्हा पिन लागत नाही. १,९९९ हा आकडा कसा निवडला असेल, ते आता कळतंय. विद्यार्थ्याच्या खात्यात तेवढे असतात, आणि तेवढ्यासाठी कुणी पोलिसांत जात नाही.

पैसे कापण्याच्या २४ तास आधी सूचना यायला हवी, आणि ती आली होती. कर्जाच्या ऑफर, रिचार्जच्या आठवणी, कुठल्या कुठल्या सेल, या सगळ्यात त्या अनोळखी कंपनीच्या नावाचा मेसेज. मला तोही जाहिरातीसारखाच वाटला. तीन वेळा पैसे गेले आणि मला कळलं कधी, तर परीक्षेची फी भरताना 'अपुरी शिल्लक' आलं तेव्हा.

हे वाचताय ना, तर आत्ता तुमचं यूपीआय ॲप उघडा. प्रोफाइलमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' असा भाग असतो. तिथे जे ओळखीचं नाही ते रद्द करा. एकापेक्षा जास्त ॲप असतील तर प्रत्येकात बघा. साइट बंद केली, ॲप काढून टाकलं म्हणून मँडेट रद्द होत नाही.

मी रद्द केलं. तिथे हे थांबायला हवं होतं. पण रात्री फोनवर नोटिफिकेशन आलं: तुमचा ५,९९७ रुपयांचा रिफंड मंजूर. आकडा बरोबर! एक रुपयाचाही फरक नाही. मी बँकेकडे तक्रार केलेली, रिफंडची वाट बघत असलेली, आणि बँकेसारखा लोगो. ज्यांनी पैसे नेले त्यांनाच तो आकडा माहीत असणार, हे तेव्हा सुचलं नाही. त्या नोटिफिकेशनवर बारीक अक्षरांत साइटचा पत्ता होता, बँकेचं नाव नव्हतं. ते आलं होतं ब्राउझरमधून, मी दिलेल्या त्या 'अलाऊ'मुळे. पानावर कार्डाचा नंबर, मुदत, सीव्हीव्ही भरला. ओटीपी आला तो मी मेसेज उघडून वाचलासुद्धा नाही. कीबोर्डच्या वर आकडे आपोआप सुचवले गेले, त्यांच्यावर बोट टेकवलं, झालं. मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं, ८,६४० रुपयांच्या खरेदीसाठी. आधीच घाबरलेल्या, फीची तारीख डोक्यावर असलेल्या मुलीला रिफंडचं आमिष दाखवून पुन्हा लुटायचं, हा नीचपणा आहे. दुसरा शब्द नाही. कीबोर्डने आपोआप सुचवलेला ओटीपी तसाच कधीही भरू नका. मेसेज उघडा, रक्कम वाचा.

आता यंत्रणांबद्दल.

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा हेल्पलाइन नंबर, १९३० लावला. बराच वेळ लागेच ना. लागला तेव्हा तक्रार घेतली आणि क्रमांक दिला, तेवढं मान्य. पण या नंबरचा सगळा उपयोग पैसे पुढच्या खात्यांतून निघून जायच्या आत ते गोठवण्यात आहे, आणि तोच वेळ लाइन लागण्यात गेला. म्हणून १९३० लावत राहा आणि त्याच वेळी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार भरा, एकासाठी दुसरं थांबवू नका. तिथे माझ्या तक्रारीपुढे अजून 'प्रक्रियेत' लिहिलेलं आहे. कसली प्रक्रिया, कुणाकडे, काही कळायला मार्ग नाही.

बँकेत गेले. तिथले साहेब म्हणाले, "मॅडम, पिन तुम्ही टाकलात, ओटीपी तुम्ही दिलात, मग व्यवहार अधिकृतच आहे." मी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक छापून नेलं होतं. अनधिकृत व्यवहारात ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेची, असं त्यात आहे. दोष ना बँकेचा ना ग्राहकाचा, तिसऱ्याच कुणाचा असेल आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकावर बोजा येत नाही. त्यांनी कागद हातात न घेताच सांगितलं, तुमच्या केसला लागू नाही. का नाही, ते लेखी द्या म्हटलं तर मॅनेजर रजेवर. यूपीआय ॲपची मदतसेवा म्हणते बँकेला विचारा. बँक म्हणते त्या कंपनीला विचारा. कंपनीच्या पत्त्यावर मेल टाकला तर तो परत आला. असल्या कंपनीला मँडेट घ्यायची सोय कुणी करून दिली? कुठल्यातरी बँकेने, कुठल्यातरी पेमेंट कंपनीनेच ना? ते कुणीच मला उत्तर द्यायला बांधील नाहीत, आणि मी मात्र सगळ्यांना उत्तर द्यायचं, की मी पिन का टाकला!

पोलीस ठाण्यात तर कहर. "चौदा हजार? इथे रोज लाखाच्या केसेस येतात." मग आणखी एक जण म्हणाले, गेमवर आता बंदी आहे, तक्रार केलीस तर तूच अडकशील. बाबा सोबत होते, ते घाबरून "चल, जाऊ दे" म्हणायला लागले. तक्रार केली तर मीच अडकेन, हे धडधडीत खोटं आहे. २०२५ चा ऑनलाइन गेमिंग कायदा पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालतो, आणि शिक्षा आहे ती असे गेम चालवणाऱ्यांना, त्यांची जाहिरात करणाऱ्यांना, पैशांचे व्यवहार पुरवणाऱ्यांना. खेळणाऱ्याला नाही. माझ्या गेममध्ये तर पैसे लावायचा प्रश्नच नव्हता. मग सांगितलं, तुझा पत्ता आमच्या हद्दीत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न बघता घ्यावी लागते. मी कलम सांगितलं, तर "जास्त शिकलीस का" म्हणाले. शेवटी अर्जावर शिक्का मिळाला. एफआयआर नाही.

कॉलेजला वाटलं होतं की निदान बाकीच्यांना सावध करतील. तिथे मलाच विचारलं, बंद केलेल्या साइट उघडल्याच कशा. माझ्यानंतर त्याच साइटवर आमच्याच वर्गातल्या आणखी एकीचं मँडेट निघालं. सूचना फलकावर एक कागद लावला असता तर तिचे पैसे वाचले असते.

माझ्या रूममेटचं वेगळंच झालं, ते इथेच सांगते. तिला तशाच एका साइटवर कॅप्चा आला: विंडोजचं बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल आणि व्ही, मग एंटर. गेमसाठी तीनदा बटणं दाबायची, त्यात काय? साइटने गुपचूप एक कमांड कॉपी करून ठेवलेली असते, आणि आपण आपल्या हाताने ती लॅपटॉपवर चालवतो. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉगिनच्या कुकीज, म्हणजे तुम्ही आधीच लॉगिन केलंय हे साइटला सांगणाऱ्या छोट्या नोंदी, उचलल्या जातात. कुकी गेली की दुहेरी पडताळणी चालू असूनही खात्यात घुसता येतं. तिचं इन्स्टाग्राम तसंच गेलं. असं झालं तर दुसऱ्या, स्वच्छ फोनवरून आधी 'सगळीकडून लॉगआउट' करा, मग पासवर्ड बदला. नुसता पासवर्ड बदलून लॅपटॉप तसाच वापरत राहिलात तर नवा पासवर्डही जाईल.

जुन्या गेमसाठी 'फ्लॅश प्लेयर अपडेट करा' आलं तर टॅब बंद करा. ॲडोबी कंपनीने असे गेम चालवणारं हे फ्लॅश सॉफ्टवेअर ३१ डिसेंबर २०२० ला कायमचं बंद केलं आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यात गेम चालणंही थांबवलं. त्याचं अपडेट अस्तित्वातच नाही. बरेच जुने गेम आता रफल नावाच्या प्रणालीवर ब्राउझरमध्येच चालतात, तुम्हाला काही उतरवून घ्यावं लागत नाही.

आणि ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन कुठल्या साइटना नोटिफिकेशनची परवानगी दिलीय ती यादी बघा. माझ्या यादीत त्या साइटखेरीज मी कधी नावही न ऐकलेल्या साइट निघाल्या. खेळायचंच असेल तर ज्या ब्राउझरमध्ये कसलंही लॉगिन नाही त्यात खेळा, आणि जाहिराती काढायला पैसे मागणाऱ्या उचल्या साइटला १ रुपयासुद्धा देऊ नका. यूपीआयसाठी वेगळं खातं ठेवा, त्यात लागतील तेवढेच पैसे. फीचे पैसे त्या खात्यात नकोत.

बँकेला लेखी तक्रार देऊन पोच घेतली आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नाकारलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येतं, फी लागत नाही. मी जाणार आहे. तोंडी तक्रार करून परत येऊ नका, पोच असल्याशिवाय पुढे कुणी दारात उभं करत नाही.

दोन दिवसांपूर्वी एक फोन आला. सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे १४,६३८ रुपये सापडलेत, सोडवायला ९९९ रुपये प्रोसेसिंग फी. मी त्याला तक्रार क्रमांक विचारला. सांगता आला नाही, फोन ठेवला. तक्रार केल्यावर तुम्हालाही असे फोन येतील. पोलीस पैसे परत द्यायला पैसे मागत नाहीत. मी तो नंबर सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षू' या संशयास्पद फोन कळवायच्या सोयीवर टाकलाय, तुम्हीही टाका.