जुना सीडी प्लेअर, आठ महिन्यांनंतर

दिवाळीनंतर ठाण्याच्या नौपाड्यातलं घर आवरताना माळ्यावर बाबांच्या सीडींचं खोकं सापडलं. मोजल्या तर ९३. बहुतेक ख्याल, थोडी नाट्यगीतं, थोडं वादन. काहींवर मुंबईत काळा घोडा भागातल्या ऱ्हिदम हाउसची किमतीची चिकटपट्टी अजून आहे. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. बाबांचा प्लेअर कधीच भंगारात गेला होता आणि आमच्या लॅपटॉपला सीडीचा ट्रे नाही. म्हणून नेरुळच्या एका गृहस्थांकडून वापरलेला प्लेअर साडेसहा हजारांना आणला आणि घरातल्याच अ‍ॅम्प्लिफायरला जोडला. तेव्हापासून जवळजवळ रोज लावते आहे.

आवाजाचं आधी सांगते, कारण सगळे तेच विचारतात. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, हे माप फिलिप्स आणि सोनीनं १९८० मध्ये ठरवलं, ते आजही तेच आहे. आता गाणी ऐकायची बरीच अ‍ॅप्स लॉसलेस, म्हणजे आवाजातलं काही न गाळता, देतात. त्याच स्पीकरवर दोन्ही ऐकलं तर मला फरक ओळखता येत नाही. निव्वळ आवाजासाठी प्लेअर घ्या, असं मी कुणाला सांगणार नाही.

मी गुंतले ती कव्हरमधल्या पुस्तिकेत. तबल्यावर कोण, हार्मोनियम किंवा सारंगी कुणाची, तानपुऱ्यावर कुठल्या शिष्या बसल्या होत्या, हे तिथे छापलेलं असतं. मी वापरते त्या अ‍ॅपवर गायकाचं नाव, फोटो, रागाचं नाव, संपलं. एका आवर्तनाला, म्हणजे तालाच्या एका फेरीला, जवळजवळ मिनिट जाईल अशा संथ एकतालात जो माणूस अर्धा तास ठेका हलू देत नाही, त्याचं नावच नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. मी वीस वर्षं हे गाणं ऐकते आहे, पण माझ्या आवडीच्या मारवा आणि जोग रागांमध्ये साथीला कोण होतं हे मला याच वर्षी कळलं.

बाबा हौसेनं तबला शिकले होते. काही पुस्तिकांत त्यांनी तबलजीच्या नावाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली आहे. आईनं ते पाहिलं आणि म्हणाली, "म्हणजे ह्यांना तो ठेका आवडला. रेघ असली की ती सीडी दोनदा लागायची घरात." आता आधी रेघा असलेल्या सीडी लावतो.

दुसरं, वेळेचं. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची, त्यात राग कसा उलगडणार? लाँगप्ले तबकडीवर वीस-बावीस मिनिटं, कॅसेटची अर्ध्या तासानं बाजू उलटायची. सीडीवर ७४ मिनिटं सलग मिळाली. विलंबित म्हणजे संथ बडा ख्याल, मग जलद छोटा ख्याल, मध्ये कुणीही न उठता. अ‍ॅपवर तेच दोन वेगळे ट्रॅक होतात. विलंबित संपलं की कधी भलत्याचंच भजन सुरू होतं, फुकटची आवृत्ती असेल तर जाहिरात. मार्चमध्ये माझ्या यादीतला एक अख्खा अल्बम करडा पडला, वाजेचना. तो खोक्यात होता, त्याच संध्याकाळी लावला.

आता त्रास. तिसऱ्या महिन्यात ट्रे उघडेना. आतला रबरी बेल्ट ढिला झाला होता. स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्यानं ३५० रुपयांत बदलून दिला, लेन्सही पुसली. जुना प्लेअर घेताना ट्रे दहा वेळा उघडझाप करून बघा.

चार सीडी अडकत होत्या. मऊ सुती कापडानं मधून कडेकडे सरळ पुसल्यावर तीन सुधारल्या. गोल गोल पुसू नका. माहिती आतून बाहेर जाणाऱ्या चक्राकार रेषेत असते. पुसताना मधून कडेकडे पडलेला आडवा ओरखडा त्या रेषेचा थोडाच भाग खातो आणि तेवढी चूक प्लेअर स्वतः भरून काढतो. रेषेच्याच दिशेनं लांब ओरखडा गेला तर सलग माहिती जाते, मग ते जमत नाही. छापील बाजूला जास्त जपा. अ‍ॅल्युमिनियमचा थर त्या बाजूला नुसत्या लॅकरच्या, म्हणजे वार्निशसारख्या, लेपाखाली असतो.

खोक्यात घरी बर्न केलेल्या १७ सीडीही होत्या. त्यांत माहिती रसायनी रंगाच्या थरात असते आणि तो कालांतरानं खराब होतो. त्यातल्या ११ वाचल्याच गेल्या नाहीत. एकीवर बाबांच्या अक्षरात "गच्चीवरची बैठक" लिहिलंय, तीही गेली. तुमच्याकडे अशा असतील तर याच आठवड्यात कॉपी करून ठेवा.

ठाण्याच्या पावसाळ्यानं तबकड्यांना काही केलं नाही, कागदाला केलं. पुस्तिकांच्या पिना गंजल्या आणि गंज पानांवर उतरायला लागला. मी सगळ्या पिना काढून पांढऱ्या दोऱ्यानं टाके घातले, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. दोन रविवार गेले.

आई ७४ वर्षांची आहे. फोनवर गाणं शोधायला तिला मला हाक मारावी लागायची. आता दुपारी मी ऑफिसात असताना ती स्वतः सीडी निवडते, चष्मा लावून आधी पुस्तिका वाचते. काल संध्याकाळी घरी आले तर मुलतानी राग चालू होता आणि पुस्तिकेत तबलजीच्या नावाखाली नवी रेघ होती, बॉलपेनची.