तालमीच्या खोलीत ‘मेघदूत’: कच्चा माल म्हणून कसं आहे?

हातात संहिता नाही, नटांनीच मिळून नाटक उभं करायचंय, अशा वेळी कालिदासाचं संस्कृत काव्य ‘मेघदूत’ घ्यावं का? जरूर घ्यावं. फक्त कथानक म्हणून घेऊ नका, आठवड्याभरात गाडी अडेल. घटना एकच आहे: शापामुळे वर्षभर रामगिरीवर राहावं लागलेला यक्ष ढगाजवळ बायकोसाठी निरोप देतो. ढग शेवटपर्यंत बोलत नाही.

खरा माल वृत्तात आणि बारीकसारीक शब्दांत आहे. वृत्त मंदाक्रांता: ओळीत १७ अक्षरं, आणि यती, म्हणजे थांबे, आधी ४, मग ६, मग ७ अक्षरांनंतर. पहिल्याच ओळीतली ‘कश्चित्कान्ता’ ही चारही अक्षरं गुरू, म्हणजे चार जड पावलं. ‘विरहगुरुणा’ मध्ये पाच लघू आणि एक गुरू: पाच झरझर पावलं, मग थांबा. ‘स्वाधिकारात्प्रमत्तः’ ची सात झुलत जाणारी. आधी चालायचं, शब्द नंतर. उलट केलं की नट पाठांतराच्या चालीवर म्हणू लागतात आणि ती चाल मोडायला फार वेळ जातो.

दुसऱ्या श्लोकात यक्ष इतका रोडावलाय की सोन्याचं कडं गळून मनगट रिकामं झालंय. रंगमंचावर कडं आणू नका. नटाचा दुसरा हात सारखा त्या रिकाम्या जागी जाऊ दे, तेवढं पुरतं. पाचव्यात ढग म्हणजे धूर, तेज, पाणी आणि वारा. चौघांनी एकेक घेऊन एक शरीर बनवायचं. इथे हमखास होणारी चूक म्हणजे निळं कापड हलवणं. कापड आलं की अंगं काम करायची थांबतात.

पूर्वमेघातला, म्हणजे पहिल्या भागातला, ढगाचा प्रवास लोभस आहे, पण अख्खा घेतलात तर सहलीचं वर्णन होतं. विदिशा आणि उज्जयिनी असे दोन मुक्काम ठेवा, शिवाय वेणीसारखी बारीक झालेली सिंधू नदी.

उत्तरमेघात, म्हणजे दुसऱ्या भागात, मात्र रेंगाळावं. यक्ष बायकोबद्दल सांगतो: ती पूजेत असेल, ‘वा’ (किंवा) माझं चित्र काढत असेल, ‘वा’ पिंजऱ्यातल्या मैनेला विचारत असेल. पुढे मांडीवर वीणा आहे, तार आसवांनी भिजलेली, आणि स्वतः रचलेली मूर्च्छनाच (सुरावटच) ती विसरतेय. उंबऱ्यावरची फुलं जमिनीवर मांडून उरलेले महिने मोजतेय. यातलं काहीही यक्षाने पाहिलेलं नाही, सगळा अंदाज आहे. म्हणून प्रत्येक ‘वा’ ला नटी बदला, तीच कृती नव्याने सुरू करा, आणि यक्षाला तिच्याकडे पाहू देऊ नका. पाहिलं की विरह संपला.

आवृत्ती निवडताना पदच्छेद (संधी सोडवून सुटे केलेले शब्द), अन्वय (गद्यासारखा शब्दक्रम) आणि शब्दार्थ असलेलीच घ्या. नुसता पद्यानुवाद कानाला गोड लागतो, पण वृत्त सांभाळताना ‘वा’, ‘मन्ये’ (मला वाटतं) असे शब्द गळू शकतात, आणि आपलं काम तर त्यांच्यावरच चालतं.

श्लोक शंभरावर आहेत, सहा नटांना दहा-बारा पुरेत. शेवटचा वगळू नका: विजेपासून तुझी क्षणभरही ताटातूट न होवो, असं यक्ष ढगाला म्हणतो. ते म्हणताना त्या चौघांनी ढग मोडायचा नाही. श्वास ऐकू येईल इतकं जवळ उभं राहायचं, आणि दिवे त्यांच्यावरच मंद करायचे.