शिंगल चिकटवायची डांबरी ट्यूब: दोन वर्षांनंतरचा अनुभव

आमच्या छपराच्या शिंगलना, म्हणजे कौलांसारख्या एकावर एक बसवलेल्या डांबरी पट्ट्यांना, 18 वर्षं झाली. वादळात त्यांच्या सात-आठ पाकळ्या, म्हणजे पट्टीचे खालचे मोकळे तुकडे, उचकटल्या, तेव्हा पाहायला आलेल्या माणसाने वर न चढताच अख्खं छप्पर बदलायला सांगितलं. मला काही ते पटेना. टॉर्च घेऊन पोटमाळ्यात शिरले, छपराखालच्या फळ्या हाताने चाचपल्या. सगळ्या कोरड्याठाक. पन्हळीत दाणे साठले होते, पण ओंजळभरच. हे दाणे म्हणजे शिंगलचं ऊन अडवणारं कवच. ते झडले की खालचं डांबर ठिसूळ व्हायला लागतं. एक पाकळी हलकेच वाकवली, ती मोडली नाही. म्हणजे शिंगलमध्ये जीव होता, सुटली होती ती फक्त खालची चिकटपट्टी.

म्हणून रूफ सिमेंटची, म्हणजे छपरासाठीच्या डांबरी चिकट लेपाची, ही ट्यूब आणली, सिलिकॉनच्या गनमध्ये बसणारी. काम दिवस निवडून करा. गारठ्यात शिंगल चिरतो आणि भर उन्हात इतका मऊ पडतो की पायाखाली दाणे निघतात. नवऱ्याने शिडी धरली. पुट्टीच्या पात्याने पाकळी उचलायची, खाली नाण्याएवढे दोन ठिपके द्यायचे आणि तळहाताने दाबायचं. नाण्याएवढेच! पहिल्या पाकळीखाली माझा हात सैल सुटला आणि उन्हाळ्यात तिथे चक्क फोड आला. या सिमेंटमधलं द्रावक शिंगलचं डांबरही मऊ करतं.

बाकीच्या पाकळ्या गेल्या आठवड्यात नखाने ओढून पाहिल्या. एकही हलली नाही. त्यासाठी या ट्यूबला माझे पैकीच्या पैकी गुण.

मात्र छपरातून वर येणाऱ्या पाइपाभोवतीच्या रबरी कॉलरला ही लावू नका. आधीच्या कारागिराने तिथे असंच सिमेंट थापलं होतं. पाइप उन्हाथंडीत ताणतो-आकसतो, थर मात्र वाळून कडक होतो. त्याला केसासारख्या भेगा पडल्या होत्या आणि पाणी तिथूनच उतरायच्या बेतात होतं. मी जुन्या कॉलरवर नवी कॉलर सरकवून बसवली. अशा गळती बऱ्याचदा शिंगलच्या माथी मारल्या जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तक्रार एकच: उघडलेली ट्यूब टिकत नाही. टोकात खिळा खोचून ठेवली होती, तरी महिन्याभरात आत दगड झाला. सुटलेल्या पाकळ्या आधी खडूने खुणा करून मोजा, मगच झाकण कापा.